बॉयलरचं पाणी आणि माझी कावीळ

काविळीतून उठलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो. "बाहेर कुठे काही खाल्लं होतंत का?" पहिल्या आठवड्यात मी "नाही हो" म्हणायचो, दुसऱ्या आठवड्यात नुसती मान हलवायचो आणि तिसऱ्या आठवड्यात डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायला लागलो. मी बाहेर काहीही खाल्लं नव्हतं. मला जे झालं ते माझ्या घरच्या नळातून आलं, आणि त्या नळाच्या पाण्याला दर रविवारी 'उत्तम' असा शेरा मीच देत होतो.

म्हणून हे लिहायला बसलो. प्रत्येक सोसायटीत माझ्यासारखा एक माणूस असतो. त्याच्या शेजाऱ्यांनी हे वाचावं, आणि त्याचा अहंकार आड येत नसेल तर त्यानेही.

थेंबांची परीक्षा

मी चौतीस वर्षं मानपाड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या एका कारखान्यात, बॉयलर अटेंडंट होतो. बॉयलरवाल्याचं अर्धं आयुष्य पाण्याचा हार्डनेस, म्हणजे त्यातले क्षार, बघण्यात जातं. जड पाणी आत गेलं की नळ्यांना पांढरा थर धरतो, थर धरला की नळी जास्त तापते आणि नळी फुटली की माणसं जातात. म्हणून कामावर पोचलं की आधी पाणी तपासायचं, मग चहा. काचेच्या बाटलीत पाणी घेऊन त्यात पावडर टाकली की ते लालसर होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं औषध थेंब थेंब सोडायचं. जितक्या थेंबांनी पाणी निळं होईल तितकं ते जड. पहिल्याच थेंबाला निळं झालं की जीव भांड्यात पडायचा.

निरोप समारंभात सहकाऱ्यांनी शाल, श्रीफळ आणि ह्या तपासणीची नवीकोरी पेटी दिली. त्यांनी ती बहुधा गंमत म्हणून दिली असावी. मी ती गंभीरपणे घेतली.

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला, चार मजल्यांची. पिण्याला महापालिकेचं पाणी, फ्लशला आणि गाड्या धुवायला बोअरचं. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात पालिकेचं पाणी कमी पडलं आणि दोन महिने आम्ही टँकरवर काढले. ते पाणी इतकं जड होतं की साबणाला फेस येईना, बादल्यांना पांढरे पट्टे पडले, गिझर गेले आणि तूरडाळ तर सात शिट्ट्या झाल्या तरी दाण्याला दाणा वेगळा. त्या उन्हाळ्याचा धसका सगळ्या बिल्डिंगने घेतला. तेव्हापासून आमच्याकडे पाणी चांगलं की वाईट हे डाळीवर ठरतं. जिन्यात बायका एकमेकींना सांगतात, "आज तीन शिट्ट्यांत झाली हो." की समजायचं, पाणी छान.

त्यावर माझी पेटी म्हणजे शास्त्रीय शिक्कामोर्तब. दर रविवारी सकाळी मी जमिनीखालच्या टाकीचं पाणी काढून गेटजवळच्या बाकावर मांडून बसायचो. मुलं जमायची. निळा रंग आला की टाळ्या वाजवायची. मग मी फळ्यावर लिहायचो: तीन थेंब, उत्तम. सोसायटीने मला पाणी कमिटीवर घेतलं होतं. कमिटी म्हणजे मी एकटाच.

बिल्डिंगमधल्या बऱ्याच घरांत फिल्टर होते. माझ्या घरात नव्हता. "तीन थेंबांच्या पाण्याला कसला फिल्टर लावता?" असं मी लोकांना ऐकवायचो. पाणी उकळणं तर मला साफ नामंजूर. उकळलेलं पाणी मेलेलं लागतं आणि मी ते एका घोटात ओळखतो, अशी माझी फुशारकी होती. माझी बायको सुनंदा ह्यावर काही बोलायची नाही. ती बोलत नाही म्हणजे तिला पटलंय, असं मी लग्नापासून समजत आलोय.

चौथा थेंब

मे महिन्यात एका रविवारी तीनऐवजी चार थेंब लागले. पुढच्या रविवारीही चार. मी भडकलो. एकच अर्थ निघत होता: कोणीतरी बोअरचा वॉल्व्ह उघडून जड पाणी पिण्याच्या टाकीत सोडतंय. आणि वॉल्व्हची किल्ली वॉचमन जाधवकडे.

"मी हात नाय लावला काका वॉल्व्हला," जाधव म्हणाला. "पण टाकीचं झाकण उघडलं ना, की वास येतोय जरा. मी सांगणारच होतो तुम्हाला."

मी झाकण उघडून वाकलो, हुंगलं. मला काही वास आला नाही. चौतीस वर्षं कारखान्यातल्या वाफा घेतलेलं हे नाक, त्याला काय येणार? पण तेव्हा हे सुचलं नाही. मी चार लोकांसमोर जाधवला म्हणालो, "वासाचं निमित्त सांगून विषय बदलू नकोस. पाणी खोटं बोलत नाही." तो खाली बघत उभा राहिला. वयाने तो माझ्याच बरोबरीचा.

त्यानंतर दोन आठवड्यांनी पल्लवी आली. आमची एकुलती एक मुलगी, सासर ठाण्याला बाळकुमला. सातवा लागला होता. डोहाळजेवण सासरी झालं आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सुनंदा तिला घेऊन आली. सुनंदाने जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, पाळणा पुसून ठेवला होता, डिंक आणून ठेवला होता. घरात किती वर्षांनी असं काही होत होतं. मीही खुशीत होतो. फळ्यावर चार थेंब लिहिताना 'उत्तम' खोडून 'ठीक' केलं, एवढाच काय तो फरक.

निदान

जूनमध्ये मला चहा नकोसा झाला. मला ओळखणाऱ्यांना ह्यातच सगळं कळेल. मग फोडणीचा वास सहन होईना. अंग मोडून यायचं, दोन जिने चढले की बसावंसं वाटायचं. मी म्हटलं, ऊन बाधलं. सुनंदाने एके सकाळी मला बाल्कनीत उजेडात उभं केलं, खालची पापणी ओढली आणि म्हणाली, "चला डॉक्टरकडे. आत्ता."

सुनंदाचे गुडघे दुखतात म्हणून पल्लवी आली माझ्याबरोबर. ठाकुर्लीजवळच्या हॉस्पिटलात रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन आत गेलो. पल्लवी बाहेर खुर्चीत बसली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या मुलीएवढ्याच. त्यांनी रिपोर्ट वाचला.

"कावीळच आहे काका. पाण्यातून होणारी. घरी फिल्टर आहे?"

"नाही. आमचं पाणी उत्तम आहे. मी स्वतः तपासतो."

"उकळून पिता?"

"नाही."

"घरी कोण कोण असतं?"

"मी, मिसेस. आणि सध्या मुलगी आलीय बाळंतपणाला."

त्यांनी लिहिणं थांबवलं. "कितवा महिना?"

"आठवा लागलाय नुकताच."

"कधीपासून आहे ती तुमच्याकडे?"

"महिना झाला."

मग त्यांनी मला शांतपणे जे सांगितलं ते मी इथे तसंच्या तसं लिहीत नाही. ज्यांच्या घरात गरोदर बाई आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. मला एवढंच समजलं की ह्याच काविळीने माझ्यासारखा म्हातारा महिनाभर लोळतो आणि उठतो, पण ती शेवटच्या महिन्यांतल्या बाईला झाली तर जिवावर बेतू शकते. बाईच्या आणि बाळाच्या.

"तुम्ही बरे व्हाल काका," त्या म्हणाल्या. "मला तुमची फार चिंता नाहीये. तिला आत बोलवा."

मी दार उघडलं. पल्लवी माझ्या चष्म्याचं घर मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून हसली आणि म्हणाली, "काय म्हणाल्या?" मी नुसता हात केला, ये म्हणून.

दहा दिवस

मला ॲडमिट केलं. सकाळी सहाला दिवा लावून रक्त काढायचे, मग सलाईन, मग पातळ मुगाचं पाणी, मग डॉक्टरांची फेरी, मग पुन्हा मुगाचं पाणी. शेजारच्या कॉटवरच्या गृहस्थांना मोबाईलवर भजन लावायची हौस होती. सगळ्या अंगाला खाज. कशाचाही राग येत होता, उशीचासुद्धा.

आणि भेटायला येणारे. माझी वहिनी काविळीची माळ घेऊन आली. डोक्यावर ठेवायची, कावीळ उतरेल तशी ती लांब होत गळ्यात येते म्हणे. एक जण म्हणाला चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पिवळेपणा बोटांतून निघतो. एकाने रस्त्यावरून उसाचा रस आणला, बर्फ घालून! मी म्हटलं, हा बर्फ कुठल्या पाण्याचा? तो म्हणाला, "तुम्हाला आता सगळीकडे पाणीच दिसणार." खरं होतं ते. मी रस घेतला नाही.

मला ॲडमिट केलं त्याच संध्याकाळी पल्लवीचे सासू-सासरे येऊन तिला बाळकुमला घेऊन गेले होते. डॉक्टरांचाच सल्ला होता. विहीणबाई एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं असं मला वाटत राहिलं. सुनंदाने दुपटी पिशवीत भरून त्यांच्या हातात दिली. पाळणा राहिला.

पल्लवीचं रक्त तपासलं होतं. पहिला रिपोर्ट चांगला आला. मी सुटकेचा निःश्वास टाकला तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार अंगात गेल्यावर कित्येक आठवडे काही दाखवत नाही, दर पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं. म्हणजे बाळंतपणापर्यंत टांगती तलवार.

तिसऱ्या दिवशी मी सुनंदाला विचारलं, "महिनाभरात किती पाणी पोटात गेलं असेल गं तिच्या?"

सुनंदा मोसंबं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तिने ते पाणी प्यायलंच नाही."

"म्हणजे?"

"ती आली त्या दिवसापासून मी तिचं वेगळं उकळत होते. तुम्ही फिरायला जाता तेव्हा. माठामागच्या तांब्याच्या कळशीत भरून ठेवायचे."

"मग मला का नाही दिलंस?"

"तुम्ही ओळखलं असतंत ना एका घोटात," ती म्हणाली. "आणि मग दोन दिवस घरात कोणाशी बोलला नसतात. ती आलेली असताना मला ते नको होतं."

तिचा आवाज चढला नाही, पण तिचे हात थांबले होते. मला तिचे पाय धरावेसे वाटले. आणि त्याच वेळी रागही आला, तो कोणावर ते कळेना. माझ्या घरात माझ्यापासून लपवून पाणी उकळावं लागत होतं. असा कसा मी?

मग मला कोकम सरबत आठवलं.

पल्लवी आली त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी सुनंदा पडली होती. मी हौसेने मुलीसाठी सरबत केलं, नळाखाली पेला धरून. पल्लवी म्हणाली होती, "बाबा, आईच्या कळशीतलं पाणी घ्या ना." मी म्हटलं, "अगं, ह्याच्यापेक्षा चांगलं पाणी डोंबिवलीत मिळायचं नाही." तिने पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळा पेला संपवला. मला वाईट वाटू नये म्हणून.

हे मी सुनंदाला सांगितलं. तिने मोसंब्याच्या फोडी ताटलीत ठेवल्या आणि उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तो राग मला मान्य होता.

नीळ

चौथ्या दिवसापासून डोकं चालायला लागलं. मी पालिकेविरुद्ध तीन पानी तक्रार लिहिली. फोनवरून टाकली. दोनच दिवसांत त्यांचा माणूस मीटरपाशी, म्हणजे आमच्या टाकीच्या आधी, बाटली भरून घेऊन गेला. बाहेरून येणारं पाणी स्वच्छ निघालं. चांगली बातमी होती आणि मी चिडलो! भांडायला कोणी उरलंच नाही.

मग मी सुनंदाकडून रविवारची वही मागवली. तीन, तीन, तीन, चार, चार. पलंगावर पडून तो चार बघत बसलो. बोअरचा वॉल्व्ह उघडला असता तर एकच थेंब कसा वाढला असता, दहा वाढले असते. मग थोडंसंच जड पाणी टाकीत येतंय कुठून? आमच्याकडे बोअरचं पाणी आणखी कुठे जातं?

फ्लशला.

बॉयलरवर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे त्या पहिल्या रविवारी पाच मिनिटांत कळायला हवं होतं. पेटी बरोबर सांगत होती. बोअरचं पाणी संडासातून ड्रेनेजच्या चेंबरमध्ये आणि चेंबरमधून आमच्या पिण्याच्या टाकीत झिरपत होतं, आणि मी फळ्यावर 'ठीक' लिहीत होतो.

सेक्रेटरींना फोन केला. "काका, तुम्ही आधी आराम करा," ते म्हणाले. "मीटिंग लावू आपण." तोवर तळमजल्यावरच्या बाई आणि तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा असे दोघे आजारी होते. दोन्ही घरं बिनफिल्टरची. त्यांनाही सगळे विचारत होते, बाहेर काय खाल्लं.

शेवटी मी जाधवला फोन केला. म्हणालो, "जाधव, त्या दिवशी मी चुकलो. चारचौघांत बोललो, मला माफ कर."

"जाऊ द्या काका. तुम्ही बरे व्हा आधी." मग पुढे म्हणाला, "पण वास येत होता."

"येत असणार. आता एक काम करशील?"

त्याने प्लंबरला बोलावून टाकी रिकामी करवली. मग कपड्यांची नीळ बादलीभर पाण्यात कालवून टाकीशेजारच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये ओतली. दुपारी त्याने मला फोटो पाठवला. रिकाम्या टाकीची भिंत, कोपऱ्यात बारीकशी चीर आणि तिच्यातून खाली उतरलेला निळा ओघळ.

चौतीस वर्षं निळा रंग दिसला की मला हायसं वाटायचं. तो फोटो बघून मला भडभडून उलटी झाली. सिस्टरांना वाटलं औषध बाधलं.

फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मीटिंग लावावी लागली नाही.

वाट बघणं

घरी आल्यावर बिछान्यातले दिवस काढणं हॉस्पिटलपेक्षा अवघड गेलं. तेल बंद, तूप बंद, फिरणं बंद. पण खरा त्रास दर पंधरा दिवसांचा होता. पल्लवीच्या रक्ताच्या दिवशी सुनंदा सकाळपासून फोन हातात घेऊन फिरायची. मी विचारलं "आला का?" तर म्हणायची, "आला की सांगेन." दुसरा रिपोर्ट चांगला आला. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी पुन्हा रक्त मागितलं, नमुना खराब झाला म्हणून. ते दोन दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. तोही चांगला आला. त्या दिवशी सुनंदाने मला आजारानंतरचा पहिला चहा दिला. अर्धा कप, दूध जास्त. तो मी बशीत ओतून सावकाश प्यायलो.

ज्यांच्या घरी हा आजार आलाय त्यांना अनुभवाने दोनच गोष्टी सांगतो. डाळ शिजली म्हणजे पाणी प्यायच्या लायकीचं झालं असं नाही. आणि तुमच्या घरात कोणी तुमच्यापासून लपवून काही करत असेल, तर आधी स्वतःकडे बघा.

पल्लवी ठाण्यातच बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. बारसंही बाळकुमलाच झालं. सुनंदा पंधरा दिवस तिकडे राहून आली. माहेरच्या बाळंतपणाचा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही.

एक पेला

परवा पल्लवी पहिल्यांदाच बाळाला घेऊन डोंबिवलीला आली. नात साडेतीन महिन्यांची झालीय. टाकी आता नवी बांधलीय, चेंबर लांब हलवलंय, आणि रोज सकाळी पाणी मीच उकळतो. पातेलं खळखळलं तरी लगेच बंद करत नाही. गार झालं की तांब्याच्या कळशीत भरतो. ती कळशी आता माठाच्या पुढे असते.

पल्लवी दमून बसली. मी पेला भरून तिच्यासमोर धरला. तिच्या पिशवीतून पाण्याची बाटली डोकावत होती, बाळकुमहून भरून आणलेली. माझं तिकडे लक्ष गेलेलं तिने पाहिलं.

तिने पेला घेतला. पण ओठांना लावायच्या आधी माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे, आईकडे पाहिलं.

"उकळलंय," सुनंदा म्हणाली. "मी बघितलंय."

मग पल्लवी प्यायली. मला लागलं ते, पण तिचं बरोबर होतं. मी तिच्या हातातून रिकामा पेला घेतला आणि विचारलं, "अजून देऊ?"